भुईचे अंथरूण : विनयपिटक आणि मराठवाड्याची गोधडी

जालना शहरातील मस्तगड निजामुल्मुल्क आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये बांधला, ही माहिती इतिहासग्रंथांत सहज सापडते. परंतु मस्तगडच्या परिसरातील घरांत भुईवर जी गोधडी अंथरली जाते, तिचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. गड टिकावा म्हणून बांधला जातो. गोधडी मात्र वापरून झिजवण्यासाठीच शिवली जाते. झिजून नाहीशा होणाऱ्या अशा वस्तूंचा मागोवा घेण्यास पालि विनयपिटक किती उपयोगी पडते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम गोधडीची रीत पाहू. गादीला कापूस लागतो आणि तो पिंजणारा पिंजारी लागतो. गोधडीला यांपैकी काहीच लागत नाही. एक जुने पण धड लुगडे खाली अंथरतात. त्यावर फाटक्या धोतरांचे, चोळ्यांचे, सदऱ्यांचे तुकडे चुणी न पडू देता रचतात. वर दुसरे लुगडे घालून कडा टाचून घेतात. मग काठापासून आत सरकत धावदोऱ्याच्या ओळी घालतात. हे काम पावसाळ्यापूर्वी, उन्हे असताना, शेजारणींच्या मदतीने होते. पूर्वीची गोधडी विरली तर तीच नव्या गोधडीच्या पोटात जाते. शेवटी तिचे बस्कर होते, बस्कराचे पायपुसणे, आणि पायपुसण्याचे भुई सारवण्याचे पोतेरे.

हाच क्रम चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात आढळतो, हे पाहून वाचकांना नवल वाटेल. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर आनंद स्थविर कोसंबीस गेले असता उदेन राजाच्या राण्यांनी त्यांना पाचशे उत्तरासंग दान दिले. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार, दुकान तर मांडणार नाही ना, अशी शंका राजाला आली. त्याने एकामागून एक प्रश्न विचारले. आनंदांच्या उत्तरांचा सारांश असा : ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वस्त्रे वाटू. त्या जीर्ण चीवरांची उत्तरत्थरणे, म्हणजे वर घालावयाच्या चादरी, करू. त्या जुन्या झाल्या की गादीच्या खोळी, त्यानंतर 'भूमत्थरण', मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी. तीही जीर्ण झाली की कुटून, चिखलात मळून, त्याने भुई लिंपू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

येथील शब्दांकडे लक्ष द्यावे. 'भूमत्थरण' म्हणजे भुईचे अंथरूण. पालि 'अत्थरण' आणि मराठी 'अंथरूण' ही एकाच घराण्यातील रूपे होत. 'चिक्खल्ल' हा शब्द तर आपण आजही 'चिखल' म्हणून बोलतो.

अंथरुणासंबंधी प्रत्यक्ष नियम निस्सग्गिय पाचित्तियात आहेत. अकरा ते पंधरा हे पाच नियम 'संथत' या वस्तूविषयी आहेत. संथत विणलेले नसते, पसरून केलेले असते, अशी त्याची व्याख्या दिली आहे. सपाट जागेवर थर पसरून त्यावर कांजी वगैरे शिंपडून ते करीत, असे अट्ठकथा सांगते. आपल्याकडील लोकर दाबून केलेला बुरणूस याच जातीचा. घोंगडी मात्र मागावर विणतात, म्हणून ती संथत नव्हे. एकदा केलेले संथत भिक्खूने सहा वर्षे वापरावे, आजारी भिक्खूला संघाच्या अनुमतीने सवलत मिळावी, असा एक नियम आहे. बसण्याचे नवे संथत करताना जुन्याचा एक सुगत-विदत्थि, म्हणजे सुगतांच्या वितीएवढा, तुकडा त्यात घालावा, असा दुसरा. धुतांगे पाळण्याच्या उत्साहात भिक्खूंनी आपली संथते जागोजागी टाकून दिली होती, त्यावरून हा नियम झाला. त्यागाच्या नावाखाली वस्तू वाया घालविणे भगवंतांना मान्य नव्हते, एवढे यावरून स्पष्ट होते. जुनी गोधडी नवीच्या पोटात घालणारी गृहिणी याच विचाराने वागते.

महावग्गात जीर्ण वस्त्रांची संघाटी चौपदरी करण्याची अनुज्ञा आहे. आपल्या 'चौघडी'चा अर्थही चार घड्यांचे पांघरूण असाच आहे. तेथेच ठिगळ लावणे व तुणणे यांनाही अनुज्ञा आहे.

यावरून गोधडी विनयातून आली असे अनुमान काढणे युक्त नाही. सोण कुटिकण्णाच्या कथेत अवंती-दक्खिणापथातील लोक मेंढी, बकरी व हरिण यांची कातडी अंथरतात, असे म्हटले आहे. भगवंतांनी त्या प्रदेशासाठी तशी अनुज्ञाही दिली. देशाप्रमाणे साधन बदलते. काळ्या मातीच्या कापूसप्रदेशात ते जुने लुगडे झाले. समान आहे ती साधन शेवटपर्यंत वापरण्याची वृत्ती.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांना ठिगळाचा अभिमान वाटत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडालांना मृतांची वस्त्रे नेमून दिली. महारांच्या बलुत्याच्या हक्कांत प्रेतावरील कापडही मोजले जाई. भिक्खूच्या पंसुकूल चीवरातही स्मशानातील वस्त्र असे. वस्त्र एकच, परंतु एकाने ते लादल्यामुळे घेतले, दुसऱ्याने स्वेच्छेने. हा भेद चेतनेचा आहे, कापडाचा नव्हे. राजपुत्राने आणि न्हाव्याने एकाच प्रकारचे चीवर पांघरले, तेव्हा ठिगळ हे हीनतेचे चिन्ह उरले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, जेथे २५ तारखेस मनुस्मृतीचे दहन झाले, तेथेच बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की वस्त्रास ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असावे. लादलेली लाज त्यांनी नाकारली, काटकसर नाकारली नाही.

आज घरात फरशी आली, पोतेऱ्याचे काम संपले, आणि भुईवर बाजारातील चटई आली. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. सारवणाचे कष्ट स्त्रियांच्याच वाट्याला होते. परंतु पेटीच्या तळाशी एखादी गोधडी अजून असेल, तर तिच्यात कोणाचे लुगडे, कोणाचे धोतर आहे हे आजीला विचारून लिहून ठेवावे. आनंद स्थविरांनी प्रत्येक चिंधीचा हिशेब राजाला दिला. तो लिहिला गेला म्हणून आपल्याला ठाऊक आहे. आपल्या आज्यांनी तोच हिशेब आयुष्यभर सांभाळला. तो कागदावर आणणे हे आपले काम आहे.