शिंद्यांच्या लष्करातील रोजची लेखणी

रोजच्या जगण्यात पाहिलेले-ऐकलेले स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि ते अनोळखी वाचकांच्या हाती पडावे, ही रीत आज ब्लॉगमुळे, म्हणजे इंटरनेटवर मांडलेल्या व्यक्तिगत टिपणांमुळे, घरोघरी परिचयाची झाली असली, तरी तिची मुळे बरीच जुनी आहेत. ग्वाल्हेरच्या शिंदेशाहीशी निगडित असलेल्या तीन प्रकारच्या लेखनांचा विचार केला असता असे दिसते की, काय लिहावे आणि काय गाळावे हे लेखकाच्या नजरेइतकेच त्याच्या अपेक्षित वाचकावरही अवलंबून होते.

यांतील पहिला प्रकार अखबाराचा. हा शब्द छापील वर्तमानपत्रासाठी रूढ होण्यापूर्वी, दरबारातील दैनंदिन घडामोडींचे हस्तलिखित बातमीपत्र असा त्याचा अर्थ होता. ते लिहिणारा अखबारनवीस सरदाराची स्वारी कुठे गेली, मुजऱ्यास कोण आले, खिलत, म्हणजे मानाची वस्त्रे, कोणाला मिळाली, हे सारे टिपून आपल्या धन्याकडे रवाना करीत असे. महादजी शिंद्यांच्या छावणीतील असे फारसी अखबार उपलब्ध असून जदुनाथ सरकारांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आहे. वाचक हा धनीच असल्यामुळे या लेखनात सत्तेचा दिवस तपशीलवार उमटतो. लिहिणाऱ्याचा स्वतःचा दिवस मात्र त्यात कुठेच नसतो.

दुसरा प्रकार पत्रांचा. ब्रिटिश रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातील कंपनी सरकारच्या प्रतिनिधीच्या, संरक्षक तुकडीचा अधिकारी टॉमस ड्युअर ब्राउटन याने १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या छावणीतून लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. हीच छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिच्यातून जे शहर वाढले त्याचे नावही लष्कर असेच पडले. छावणीतील होळीचे वर्णन करताना, आगीच्या बंबात पिवळे पाणी भरून त्याची नळी स्वतः महाराजांनी पाहुण्यांवर रोखल्याचे दृश्य ब्राउटनने रंगवले आहे. वाचक विलायतेत असल्यामुळे छावणीत कोणी टिपून ठेवले नसते असे साधेसुधे तपशील त्याला लिहिण्याजोगे वाटले. पण त्याच कारणाने त्याची नजर नवलाईवरच अधिक रेंगाळते.

तिसरे उदाहरण विष्णुभट गोडसे यांचे. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक ब्राह्मण, दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून, दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. ग्वाल्हेर पाहून ते झाशीत पोहोचले. तेथील वेढा आणि त्यानंतरची लूट त्यांनी गावात राहून अनुभवली. लढाईच्या वर्णनाइतकीच जागा त्यांच्या कथनात भूक, भीती, लपण्याच्या जागा आणि लुटली गेलेली कमाई यांना मिळते. द्रव्य जोडण्यासाठी निघालेले भटजी अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. ज्याला कळवायचे असा धनी नाही आणि ज्याला चकित करायचे असा परदेशी वाचक नाही, म्हणूनच या लेखनात सामान्य माणूस स्वतःच्या नावाने बोलू शकला.

हे मोकळेपण मात्र विलंबाच्या आधाराने आले. प्रवासानंतर सुमारे पाव शतकाने, १८८३च्या सुमारास, हा वृत्तान्त लिहिला गेला आणि ‘माझा प्रवास’ या नावाने छापून निघण्यास १९०७ साल उजाडले. तो प्रसिद्ध करणारे चिंतामण विनायक वैद्य हे ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश राहिलेले विद्वान होते. इंग्रजी अमलात बंडाविषयी काय छापता येईल याची मर्यादा उघडच होती. शिवाय वैद्यांनी मूळ मजकुरावर संस्कारही केले, त्यामुळे भटजींची भाषा वाचकापर्यंत जशीच्या तशी पोहोचली नाही. हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ पाठ प्रसिद्ध केला. अखबारनवीसाचा मजकूर काही दिवसांत धन्यापुढे पोहोचत असे. भटजींच्या स्वतःच्या शब्दांना वाचकापर्यंत येण्यास मात्र लिहिल्यापासून ऐंशीहून अधिक वर्षे लागली.