साहेब ते सर : परकीय भाषाशिक्षकांची संबोधने

पुण्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. तेथील अध्यापक ‘शास्त्री’ होते. पुढे पाठशाळेचे प्रमुख झालेले मेजर थॉमस कँडी मात्र मराठीत ‘कँडीसाहेब’ म्हणून ओळखले गेले. पहिली उपाधी विद्येची, दुसरी सत्तेची होय.

एतद्देशीय प्राध्यापक इंग्रजी शिकवू लागल्यावर महाविद्यालयांत ‘सर’ रूढ झाले. नाशिकच्या १९२४ साली स्थापन झालेल्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयातही आज हेच संबोधन ऐकू येते. ‘कुलकर्णी सर आले’ या वाक्यात शब्द इंग्रजी असला, तरी नावानंतरचे स्थान आणि आदरार्थी बहुवचन मराठीचेच आहे. ‘शास्त्री’, ‘पंत’, ‘राव’ यांच्याच जागी तो बसला आहे.

जर्मनमध्ये मात्र ‘हेर’ व ‘फ्राउ’ आडनावाआधी येतात. तेथे विद्यार्थ्यास क्रमच बदलावा लागतो. याउलट ‘दू’ व ‘झी’ यांतील भेद त्यास ‘तू’ व ‘तुम्ही’ यांमुळे सहज उमगतो. इंग्रजीतील एकमेव ‘यू’ तेथे उपयोगी पडत नाही. म्हणून परकीय भाषेतील शिष्टाचार शिकविताना इंग्रजीऐवजी मराठीचा आधार घेणे अधिक सयुक्तिक ठरते.