पाणी न पिणारा पाहुणा

डोंबिवलीच्या घरी पावसाळा आला की माझ्या शिंका सुरू. रात्री छातीत घरघर, सकाळी खिशात इन्हेलर घेऊन फास्ट लोकल. आई म्हणायची, "धुळीचा त्रास आहे." पण धूळ तर उन्हाळ्यात जास्त उडते. मग त्रास पावसाळ्यात का?

याचं उत्तर सुरू होतं १९६४ साली, नेदरलँड्समधल्या लायडनला. फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी दाखवून दिलं की घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे डस्ट माइट आहे. कोळ्याच्या नात्यातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जीव. गादीत राहतो, आपल्या त्वचेचा कोंडा खातो. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. आणि ओलसर घरांत तो जास्त सापडत होता.

कारण तो पाणी पितो हवेतून! पुढच्या पायांजवळच्या ग्रंथींतून खारट द्रव येतो, हवेतला ओलावा शोषतो आणि वाहत तोंडात जातो. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणावतं ना, तसंच. हवा बरेच दिवस कोरडी राहिली की तो सुकून मरतो.

पण हे पाणी पेशींच्या आतबाहेर जातं कसं? १९९२ साली बाल्टिमोरला पीटर ॲग्रे यांच्या गटाने तांबड्या रक्तपेशींत सापडलेलं एक प्रथिन बेडकाच्या अंडपेशींत तयार करवलं. साध्या पाण्यात टाकताच त्या फुगून फुटल्या. पाण्याची वाट सापडली होती, तिचं नाव ॲक्वापोरिन. ॲग्रेंना २००३ चं नोबेल मिळालं.

२०१५ साली डस्ट माइटच्या एका जातीचा जीनोम प्रसिद्ध झाला. इथून पुढचं काम माझ्या ओळखीचं, पॅटर्न सर्च! ॲक्वापोरिनमध्ये ॲस्पॅरजिन, प्रोलिन, ॲलनिन ही तिकडी सहसा दोनदा येते. ती शोधायची, माहीत असलेल्या जनुकांशी जुळवायची. पण फंक्शनचं नाव सापडलं म्हणजे कोड चालतोच असं नाही. खात्रीसाठी पुन्हा बेडकाची अंडपेशी. शिवाय ॲक्वापोरिन आपल्यातही आहेत. माइटचं पाणी तोडणारं औषध करायचं, तर त्याचं जनुक आपल्यापेक्षा वेगळं कुठे आहे ते आधी कळायला हवं.

तोवर? आजी गाद्या गच्चीवर कडक उन्हात टाकून बडवायची. तेव्हा मी हसायचो. आता आम्ही ठाण्यात टॉवरमध्ये राहतो, भाचीला तोच खोकला आहे आणि गच्चीला कुलूप. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये मी चावी मागणार आहे. तुमच्या गच्चीची चावी कुणाकडे आहे?