किनाऱ्याची राखण आणि तिचा खर्च

बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर येथून लोणारला जाता येते. तेथून अरबी समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर. खारे पाणी म्हणजे लोणारच्या विवरातले, एवढीच या भागाची समुद्राशी ओळख असावी, असे वाटणे साहजिक आहे. विवरातील तळ्याचे पाणी खरोखरच तेथल्या तेथे अडून राहते. परंतु सभोवतालच्या शिवारातील पाणी गोदावरीच्या खोऱ्यात उतरते आणि अखेरीस बंगालच्या उपसागरास मिळते. शेतातून वाहिलेले खत असो की ओढ्यात भिरकावलेली प्लॅस्टिकची पिशवी असो, वाट तीच. म्हणूनच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जीवसृष्टीचा अभ्यास व रक्षण करणाऱ्या संस्थांचा इतिहास वसई-उत्तनच्या वाचकांइतकाच घाटावरच्या वाचकांनीही जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाचा आरंभ मुंबईत होतो. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांपैकी सहा युरोपीय होते, दोन आपले : प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. (बालविवाहाविरुद्ध न्यायालयात झुंजलेल्या रखमाबाईंचे हे सावत्र वडील. एकाच घराने दोन निरनिराळ्या इतिहासांत जागा मिळवावी, हे विरळाच.) संस्थेचा संग्रह आरंभीच्या काळात फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याच्या फोर्ब्स स्ट्रीटवरील जागेत मांडला होता. १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. त्या काळी अभ्यास म्हणजे नमुने जमविणे, त्यांना नाव देणे व टिपणे प्रसिद्ध करणे. रक्षणाची भाषा पुढे आली. तरीही या टिपणांचे मोल कमी लेखता येणार नाही. हुमायून अब्दुलअली यांनी वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरील सुरय पक्षी आणि पाकोळ्या यांविषयी १९४२ साली याच नियतकालिकात लिहिले. पाकोळीचे घरटे तिच्या लाळेचे असते व परदेशात सूप करण्यासाठी त्याला मोठी किंमत येते. त्याच बेटांवर घरट्यांची चोरटी तोड होत असल्याचे पुढे उघडकीस आले, तेव्हा पूर्वी तेथे काय होते हे सांगणारा लेखी पुरावा हाताशी होता.

ही चोरी उजेडात आणणारी संस्था मुंबईची नव्हती. चिपळूणच्या काही निसर्गप्रेमींनी भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने १९९२ साली ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ स्थापन केली. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी मोजत ही मंडळी कोकणचा किनारा पायाखाली घालीत होती. २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात परतते. पुन्हा ती तिकडे फिरकत नाही. तिने वाळूवर उमटविलेली वाट जाणत्या डोळ्याला लगेच ओळखू येते. त्या वाटेचा माग काढून गावकरी अंडी काढून नेत, कोणी घरी खाई, कोणी विकी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव संरक्षित झालेले असले, तरी किनाऱ्यावर कायदा वाचायला कोण बसले होते?

येथे संस्थेने जे केले ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्यांना माग काढता येत होता त्यांच्याच हाती राखण सोपविली. ज्या नजरेने अंडी हुडकली जात, त्याच नजरेने आता ती वाचवायची होती. वन खात्याला बरोबर घेऊन किनाऱ्यावर जाळीचे कुंपण उभारले. रात्रीची व पहाटेची गस्त सुरू झाली. सापडलेली अंडी कुंपणात तितक्याच खोल खड्ड्यात पुरून ठेवायची, वर तारखेची पाटी लावायची, दिवस भरत आले की त्यावर टोपली पालथी घालायची. पिल्ले बाहेर पडायला दीड ते दोन महिने लागतात. मग सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायचे आणि वर आलेली पिल्ले लाटांच्या अलीकडे सोडायची. समुद्र त्यांनी स्वतः गाठायचा. अंडी हलविणे हा आदर्श उपाय नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, म्हणून खड्ड्याची जागा व खोली यांत हयगय चालत नाही. पण अंडी जागेवर ठेवली तर कुत्री, कोल्ही वा माणसे ती ठेवीत नाहीत.

नुसत्या उपदेशावर गस्त चालत नाही. रात्र जागणाऱ्याची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले आणि आमटी-भात व मोदकांचे पैसे त्या घरांत राहू लागले. अंडी विकून मिळणारा पैसा त्यामानाने किरकोळ ठरला. पुढे ही पद्धत रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गातील अनेक गावांत गेली.

सरकारी यंत्रणा मागाहून आली, पण मोठ्या बळाने आली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीस मनाई केली. २०१२ साली वन विभागाचा कांदळवन कक्ष व २०१५ साली कांदळवन प्रतिष्ठान स्थापन झाले. जानेवारी २०२२ मध्ये देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने या प्रतिष्ठानच्या साहाय्याने वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविले. तिचे नाव ‘प्रथमा’. २०२३ मध्ये गुहागरला यंत्र लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट दिशेचा पुरावाही मिळाला : २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवे निराळी आणि पश्चिमेची निराळी, ही सोयीची समजूत त्यामुळे डळमळली. सुलतानपूरच्या ओढ्याचे पाणी ज्या उपसागरात जाते, तेथले कासव कोकणातही येते.

सर्वत्र वेळास घडले असे मात्र नाही. १९८७ साली मालवण येथे सागरी अभयारण्य घोषित झाले, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. तेथील मच्छीमारांना आपली रोजची पाण्यातली वाट बंद होणार असे वाटले व त्यांनी विरोध केला. घोषणा झाली, पण अभयारण्य पुष्कळसे कागदावरच राहिले. मच्छीमारांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याच्या पदरी खर्च पडणार त्याला आधी विचारले गेले नाही.

उत्तन वा अर्नाळ्याच्या होडीवर हा खर्च नेमका काय असतो, ते आपल्या कोळी कुटुंबांना सांगावे लागत नाही. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क अडकला, तर त्याला जिवंत सोडण्यासाठी जाळे कापावे लागते. आणि जाळे म्हणजे घराचे भांडवल. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासनाने अशा जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. संरक्षित प्राणी सोडल्याचे छायाचित्र किंवा चित्रीकरण पुरावा म्हणून सादर करावे लागते. त्यामुळे सुरी चालविणाऱ्याच्या शेजारी आता होडीत आणखी एक जण मोबाइल धरून उभा असतो.