ख्रिस्तपुराण कोणीं राखिलें?

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ख्रिस्तपुराणाचें नांव आपणांपैकीं बहुतेकांच्या कानांवरून गेलेलें आहे. तें कोणीं रचिलें हें आपण अभिमानानें सांगतों. परंतु तें आपल्या हातीं आलें कसें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्युबिलीच्या निमित्तानें जुन्याचें स्मरण करावयाचें तर हा दुसरा प्रश्नच मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

फादर स्टीफन्स हे जातीनें इंग्रज. 1579 च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले आणि पुढें 1619 सालीं देह ठेवीपर्यंत त्यांचें बहुतेक आयुष्य साष्टींत गेलें. (ही साष्टी गोव्याची, आपल्या मुंबईनजीकची नव्हे.) तेथील देवळें थोड्याच वर्षांपूर्वीं पाडलीं गेलीं होतीं व जुन्या पोथ्यांना बंदी झाली होती. हें आपण झांकून ठेवूं नये. पुराणश्रवणाची पिढ्यान्‌पिढ्यांची संवय असलेला समाज एकाएकीं ग्रंथहीन झाला होता. कवि पहिल्याच अवस्वरांत सांगतो कीं, एका ब्राह्मणानें धीर करून पुसलें: आमचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर त्यांच्या ठायीं दुसरीं कां देत नाहीं? म्हणजे ह्या ग्रंथाचा जन्मच मुळीं लोकांच्या मागणींतून झाला. दोन पुराणें, पंचाण्णव अवस्वर, सुमारें 11,000 ओव्या, आणि तीहि मराठींत, असें उत्तर त्या प्रश्नास मिळालें.

1616 सालीं हा ग्रंथ प्रथम छापला गेला. पुढें 1649 व 1654 सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. देवनागरी खिळे नसल्यामुळें छपाई रोमन लिपींत झाली. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज कोठें उपलब्ध नाहीं! 1684 सालीं व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर ह्यानें फर्मान काढून तीन वर्षांच्या आंत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा केली. ज्या भाषेंत लोक आईशीं बोलत, ती भाषा राजाज्ञेनें जाईल असें त्यास वाटलें असावें. भाषा गेली नाहीं. परंतु पुराणाची छपाई मात्र 1654 नंतर अडीचशें वर्षें झाली नाहीं.

मग ग्रंथ वांचला कसा? कोणा राजानें तो राखिला नाहीं. तो राखिला घरोघरच्या लेखणींनीं. अकरा हजार ओव्या हातानें उतरून काढणें हें आठपंधरा दिवसांचें काम नव्हे; पावसाळ्याची ओल, वाळवी आणि शाईनें खाल्लेला कागद ह्यांमुळें प्रत जीर्ण होई, आणि मग पुन्हां कोणीतरी नवी प्रत करावयास बसे. गोव्याहून जीं ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानड्यांत जाऊन वसलीं, त्यांनीं पुराणहि आपल्यासवें नेलें. 1784 सालीं टिपू सुलतानानें तेथील हजारों ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. ती बंदी 1799 पर्यंत टिकली. धर्मगुरूवांचून काढलेल्या त्या काळांत ह्याच ओव्यांनीं लोकांस धीर दिला, असें मंगळूरकडे सांगतात. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा ह्यांनीं 1907 सालीं मंगळूर येथें पुराण पुन्हां छापून काढिलें. घराघरांतून त्या प्रती नसत्या, तर त्यांस छापावयास कांहींच मिळालें नसतें.

आतां दुसरी एक प्रत पहा. विल्यम मार्सडेन नांवाच्या विद्वानाच्या संग्रहांत देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित होतें. तें लंडनास सुरक्षित राहिलें. त्यास ना वाळवी लागली, ना ओल. पण 1920 नंतर जस्टिन अ‍ॅबट ह्यांनीं तिकडे लक्ष वेधीपर्यंत मराठी वाचकांस त्याची वार्ताहि नव्हती. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज व लातिन शब्द येतात, तेथें ह्या प्रतींत संस्कृत शब्द आहेत. मूळ पाठ कोणता, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. ग्रंथालयांची मी निंदा करीत नाहीं. ती प्रत तेथें नसती तर हा वाद करावयासहि साधन उरलें नसतें. परंतु कपाटांतील ती प्रत मुकी होती, आणि घरांतील प्रत फाटकी असली तरी बोलत होती. पुढें 1956 सालीं शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली, आणि मंगळूरच्या रोमन पुस्तकांतील ओव्या सामान्य मराठी वाचकास आपल्या लिपींत वाचतां येऊं लागल्या.

आपल्याकडेहि कोणी म्हणतात कीं, जुनीं कागदपत्रें मोठ्या शहरीं धाडावीं, म्हणजे काळजी मिटली. काळजी मिटेल खरी, पण ओळखहि मिटेल. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या, लग्नांतील गाणीं, आजोबांनीं स्वहस्तें उतरलेल्या प्रार्थना हीं ज्या घरचीं असतील त्या घराच्या नांवानिशीं एक यादी देवळांत ठेवावी. मूळ वस्तु मालकाच्याच हातीं राहूं द्यावी, आणि तिची नक्कल मात्र करून घ्यावी. गाणीं तर ज्या म्हाताऱ्या बायांस येतात त्यांच्याच तोंडून लिहून घेतलीं पाहिजेत, आणि कोणतें गाणें देवळांत म्हणावें व कोणतें मांडवांत, हेंहि त्यांनाच विचारावें. नक्कल करण्यास मुलांमुलींस बसवावें. त्यांचें अक्षर वाईट असलें तरी चालेल. त्या जुन्या प्रतींतहि सगळ्यांचें अक्षर चांगलें होतें असें नाहीं.