बालकांच्या लांबी-उंची मापनाची साधने

बालकांच्या लांबी-उंची मापनाची साधने म्हणजे जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शरीराची लांबी अथवा उंची मोजण्यासाठी वापरली जाणारी उपकरणे होत. इन्फंटोमीटर, स्टेडिओमीटर आणि मोजफीत ही त्यांतील प्रमुख साधने आहेत. यांपैकी कोणते साधन वापरावे, हे बालकाचे वय, त्याची उभे राहण्याची क्षमता, कोणते माप हवे आहे आणि किती त्रुटी चालू शकेल, या गोष्टींवरून ठरते. वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजेच खुजेपणा हे दीर्घकालीन कुपोषणाचे लक्षण मानले जाते. खुजेपणाच्या सीमेजवळ असलेल्या बालकाची गणना अर्ध्या सेंटिमीटरच्या त्रुटीनेही बदलू शकते. त्यामुळे बालआरोग्याच्या क्षेत्रात साधनाच्या निवडीला विशेष महत्त्व आहे.

लांबी आणि उंची यांतील भेद

व्यवहारात लांबी व उंची हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वाढमापनात मात्र आडवे निजवून घेतलेल्या मापास ‘लांबी’ आणि उभे करून घेतलेल्या मापास ‘उंची’ म्हणतात. उभे राहिल्यावर शरीराच्या भाराने पाठीच्या कण्यातील चकत्या किंचित दबतात. त्यामुळे एकाच बालकाची उंची त्याच्या लांबीपेक्षा थोडी कमी भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांत हा फरक सरासरी ०.७ सें.मी. धरला आहे.

या मानकांनुसार दोन वर्षांखालील बालकाची लांबी आणि दोन वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या बालकाची उंची मोजतात. दोन वर्षांखालील बालक निजण्यास तयार नसल्यास त्याला उभे करून मोजतात व आलेल्या मापात ०.७ सें.मी. मिळवतात. दोन वर्षांवरील बालक उभे राहू शकत नसल्यास त्याला निजवून मोजतात व ०.७ सें.मी. वजा करतात. वय मुळीच ठाऊक नसेल तर ८७ सें.मी. ही सीमा धरतात. त्याहून लहान माप असणाऱ्यास निजवून आणि इतरांस उभे करून मोजले जाते.

इतिहास

एकाच मुलाची उंची जन्मापासून प्रौढत्वापर्यंत सातत्याने नोंदवण्याचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण फ्रान्समधील आहे. फिलिबेर गेनो द माँबेयार यांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची सुमारे दर सहा महिन्यांनी मोजली. या नोंदी निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केल्या. वाढीचा वेग वयानुसार कसा बदलतो, हे त्यांवरून प्रथमच दिसून आले.

१८८४ साली फ्रँकफर्ट येथे मानवशास्त्रज्ञांनी डोके धरण्याची एक प्रमाण स्थिती मान्य केली. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड यांना जोडणारी ही पातळी ‘फ्रँकफर्ट पातळी’ म्हणून ओळखली जाते. उंचीमापनात ती आजही वापरली जाते. विसाव्या शतकात इंग्लंडमधील हार्पेंडन येथे जेम्स टॅनर यांनी मुलांच्या वाढीचा प्रदीर्घ अभ्यास केला. त्यांचे सहकारी रेजिनल्ड व्हाइटहाउस यांनी विकसित केलेली मापनसाधने त्या गावाच्या नावानेच प्रसिद्ध झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत वाढमापनाचा संयुक्त अभ्यास केला. भारतातील केंद्र दक्षिण दिल्लीत होते. या अभ्यासावर आधारलेली वाढीची मानके २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रमुख साधने

इन्फंटोमीटर. हे दोन वर्षांखालील बालकांची लांबी मोजण्याचे साधन आहे. सपाट फळीच्या एका टोकाला डोके टेकवण्यासाठी स्थिर उभी पाटी असते, तर दुसऱ्या बाजूला तळपाय टेकवण्यासाठी सरकती पाटी असते. फळीच्या कडेला मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी असते. दोन्ही पाट्या फळीशी काटकोनात असणे आवश्यक असते. गुंडाळता येणारे मऊ चटईसारखे प्रकार वाहून नेण्यास सोपे असतात. मात्र चटईची कड वळल्यास किंवा सरकती पाटी कलल्यास माप चुकते.

स्टेडिओमीटर. हे उभ्या बालकाची उंची मोजण्याचे साधन आहे. त्यात उभा दांडा, पाय ठेवण्याची सपाट बैठक आणि डोक्यावर टेकणारी सरकती आडवी पट्टी असते. भिंतीवर बसवलेला प्रकार अधिक स्थिर असतो. तुकडे जोडून उभा करण्याचा प्रकार फिरत्या पथकांना सोयीचा असतो. मात्र त्याचे सांधे नीट बसले नाहीत तर प्रत्येक मापात तीच चूक शिरते.

मोजफीत. शिंप्याकडील कापडी फीत वापराने ताणली जाते. शिवाय ती बालकाच्या अंगावरून धरली तर शरीराच्या वळणांबरोबर वळते आणि दोन टोकांमधील सरळ अंतर देत नाही. म्हणून लांबी वा उंची घेण्यासाठी ती योग्य नाही. घेर मोजण्यासाठी मात्र फीतच योग्य असते; तीही न ताणली जाणारी असावी लागते. डोक्याचा घेर फितीने मोजतात. दंडघेर मोजण्यासाठी रंगीत पट्टे असलेली खास फीत वापरतात. ६ ते ५९ महिने वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे, तर ११.५ ते १२.५ सें.मी.च्या दरम्यान असणे हे मध्यम कुपोषणाचे लक्षण मानतात. दंडघेरावरून अलीकडच्या काळात आलेले रोडपण कळते, खुजेपणा कळत नाही. त्यामुळे दंडघेराची फीत ही उंचीमापकाला पर्याय ठरत नाही.

भिंतीवरील कागदी तक्ता. शाळा, दवाखाने आणि घरे यांत उंचीच्या खुणा असलेला तक्ता भिंतीवर चिकटवलेला आढळतो. तक्त्याचा शून्य जमिनीशी जुळत नसणे, भिंतीच्या तळाशी फरशीची पट्टी असल्याने टाचा भिंतीला न टेकणे आणि डोक्यावर काटकोनी पट्टी नसणे, हे त्यातील मुख्य दोष होत. मुलांना आपली उंची पाहण्याची गंमत म्हणून तो ठीक असतो, परंतु निदानासाठी तो पुरेसा नसतो.

पर्यायी मापे. पायांतील व्यंग, मेंदूचा पक्षाघात किंवा कण्याचा बाक असलेल्या बालकाची उंची सरळ मोजता येत नाही. अशा वेळी गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची, नडगीच्या हाडाची लांबी किंवा हातांचा पसारा मोजून उंचीचा अंदाज करतात. त्यासाठी सरकत्या जबड्यांचे मोठे कॅलिपर किंवा पोलादी फीत वापरली जाते.

निवडीचे निकष

साधनाची निवड करताना पुढील प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

१. बालकाचे वय किती? दोन वर्षांखाली इन्फंटोमीटर आणि त्यापुढे स्टेडिओमीटर वापरतात. वयाची नोंद जन्मदाखल्यावरून वा लसीकरण पत्रिकेवरून घेणे इष्ट असते.

२. किती बदल टिपायचा आहे? जन्मतः बालक सुमारे ५० सें.मी. लांब असते. पहिल्या वर्षात ते सुमारे २५ सें.मी. आणि दुसऱ्या वर्षात सुमारे १२ सें.मी. वाढते. चौथ्या वर्षी हा वेग सुमारे ७ सें.मी.वर येतो, म्हणजे तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरही भरत नाहीत. अशा बालकाच्या दोन मापांत प्रत्येकी एक सेंटिमीटरची त्रुटी असेल, तर ते वाढले की त्याची वाढ खुंटली, हे ठरवता येत नाही. त्रुटी ही टिपावयाच्या बदलापेक्षा पुष्कळच लहान असली पाहिजे, हा साधननिवडीचा मूलभूत नियम होय.

३. साधनाचे लघुतम माप किती? साधनावरून वाचता येणाऱ्या सर्वांत लहान मापास लघुतम माप म्हणतात. बालकांच्या उंचीसाठी ते १ मि.मी. असावे. त्याहून सूक्ष्म साधनाने लाभ होत नाही, कारण बालकाच्या हालचालीमुळे व शरीरस्थितीमुळे पडणारा फरकच त्याहून मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त अभ्यासात दोन मापकांच्या लांबी-उंचीच्या मापांत ७ मि.मी.पर्यंतचा फरक ग्राह्य धरला होता. फरक त्याहून अधिक आल्यास माप पुन्हा घेतले जाई.

४. साधन कोठे वापरायचे? दवाखान्यात भिंतीवरील पक्के साधन योग्य ठरते. पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या पथकास हलके, परंतु न वाकणारे साधन लागते. शेणाने सारवलेल्या वा उंचसखल जमिनीवर स्टेडिओमीटर डगमगतो, म्हणून त्याखाली सपाट कडक फळी ठेवावी लागते.

५. मनुष्यबळ किती? इन्फंटोमीटरसाठी दोन व्यक्ती आवश्यक असतात. एकीने डोके धरायचे, तर दुसरीने गुडघे सरळ करून पाटी सरकवायची व माप वाचायचे असते. एकट्या व्यक्तीने घेतलेली तान्ह्या बालकाची लांबी सहसा विश्वसनीय नसते.

मापनाची पद्धत

योग्य साधनही योग्य रीतीने वापरले तरच उपयोगी पडते. मापनापूर्वी पादत्राणे, टोपी आणि केसांतील बो काढतात. डोक्यावर बांधलेली शेंडी सोडतात. उभे करताना टाचा, पोटऱ्या, नितंब, खांदे आणि डोक्याचा मागील भाग शक्य तितके दांड्याला टेकवतात. फ्रँकफर्ट पातळी जमिनीला समांतर ठेवतात. आडवी पट्टी केस दबतील इतकी खाली आणतात. निजवून मोजताना हीच पातळी फळीला लंब असावी लागते आणि दोन्ही तळपाय सरकत्या पाटीला पूर्ण टेकावे लागतात. माप वाचणाऱ्याचा डोळा खुणेच्या समोर असावा. वरून वा खालून पाहिल्यास दृष्टिभेदाची त्रुटी येते.

साधनाची पडताळणी वेळोवेळी करणे आवश्यक असते. ज्ञात लांबीची पोलादी मोजपट्टी वा दांडा साधनावर ठेवून आलेले माप ताडून पाहतात. त्यात सातत्याने फरक दिसल्यास साधन दुरुस्त करतात किंवा बदलतात.

त्रुटींचे परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलग्याच्या उंचीचा मध्यक ८७.१ सें.मी. आहे आणि खुजेपणाची सीमा, म्हणजे मध्यकाच्या खाली दोन प्रमाण विचलने, ८१.० सें.मी. आहे. ज्याची खरी उंची ८१.४ सें.मी. आहे, त्याचे माप एक सेंटिमीटर कमी नोंदले गेले तर तो खुजा ठरतो. याउलट, ज्याची निजवून घेतलेली लांबी ८१.५ सें.मी. आहे त्याची उंची सुमारे ८०.८ सें.मी. भरेल, म्हणजे तो खुजा आहे. तरीही लांबीचा आकडा उंचीच्या तक्त्यात तसाच पाहिला तर तो सामान्य ठरतो आणि त्याला मिळावयास हवे ते लक्ष मिळत नाही.

सर्वेक्षणात त्रुटी दोन प्रकारे परिणाम करते. साधनाचा शून्य चुकला असेल तर सर्व मापे एकाच दिशेने सरकतात. मापे कधी जास्त, कधी कमी येत असतील तर सरासरी फारशी बदलत नाही, पण मापांचा विस्तार वाढतो. त्यामुळे सीमेच्या खाली जाणाऱ्या बालकांचे प्रमाण प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकते. म्हणून दोन सर्वेक्षणांची तुलना करताना त्यांतील मापनाचा दर्जाही पाहावा लागतो. नोंदींत शेवटचा अंक वारंवार शून्य वा पाच येणे, हे माप न वाचता अंदाजाने पूर्णांक केल्याचे चिन्ह मानले जाते.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाड्यांतील वाढमापन दीर्घकाळ मुख्यत्वे वजनावर आधारलेले होते. वजन वयाच्या मानाने कमी आहे एवढेच त्यावरून कळते. बालक खुजे आहे की रोड, हा भेद उंचीशिवाय करता येत नाही. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने १९९२-९३ मध्ये पहिले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात पाच राज्यांतील बालकांची उंची मोजता आली नाही, कारण मोजण्याच्या फळ्याच उपलब्ध नव्हत्या. त्यामुळे त्या राज्यांतील खुजेपणाचा आकडा या सर्वेक्षणात नाही.

२००८ मध्ये या योजनेत जागतिक आरोग्य संघटनेची मानके स्वीकारण्यात आली. ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाड्यांना वजनकाट्यांबरोबर इन्फंटोमीटर व स्टेडिओमीटर पुरवण्याची तरतूद करण्यात आली. अंगणवाडी सेविका या मापांची नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकर या मोबाइल प्रणालीत करतात. प्रणाली नोंदलेल्या आकड्यांवरून बालकाची श्रेणी ठरवते. मूळ माप चुकीचे असल्यास श्रेणीही चुकीची येते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुजी होती. चौथ्या सर्वेक्षणात (२०१५-१६) हे प्रमाण ३४.४ टक्के होते. एवढ्या लहान फरकाचा अर्थ लावताना नमुन्याचा आकार आणि मापनाचा दर्जा या दोन्ही बाबी ध्यानात घ्याव्या लागतात.

मर्यादा

एका मापावरून बालकाच्या वाढीचा निर्णय करणे योग्य नसते. दिवसभराच्या हालचालीने उंची सायंकाळी किंचित कमी होते, म्हणून पुनर्मापन शक्यतो त्याच वेळी आणि त्याच साधनाने करतात. आईवडिलांची उंची, जन्मवेळचे वजन आणि आजारपण यांचाही विचार करावा लागतो. ठरावीक अंतराने घेतलेल्या मापांचा आलेख हा एकट्या आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय असतो. मात्र आलेखावरील प्रत्येक बिंदू योग्य साधनाने घेतलेला असेल, तरच त्याला अर्थ राहतो.