राळ्याचा भात आणि खापरपणजोबांचे गाव

१/
भोगीचा दिवस, म्हणजे संक्रांतीची आदली सकाळ. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून शहरात आलेल्या कितीतरी घरांत त्या दिवशी राळ्याचा भात शिजतो. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी. वर्षाच्या उरलेल्या ३६४ दिवसांत राळा त्या घराकडे फिरकत नाही. मुलांना त्याची चव फारशी रुचत नाही, वाण्यालाही तो मुद्दाम मागवावा लागतो. तरीही तो शिजतोच.

२/
राळा हे बारीक, पिवळसर दाण्याचे भरडधान्य. थोड्या पावसावर आणि थोड्या दिवसांत येणारे. १९६४ साली 'सीएसएच-१' हे संकरित ज्वारीचे वाण आले, पाण्याखालच्या जमिनीत ऊस पसरला, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. आणि राळा, सावा, कोद्रा, भादली ही धान्ये हळूहळू बांधाबाहेर गेली. शेताने टाकलेले धान्य सणाने मात्र धरून ठेवले. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला या वाटीभर भातातून बरेच काही हाती लागते. त्याआधी कागदांची वाट चालून पाहणे भाग आहे.

३/
ग्रामीण घराण्याचा माग बहुधा चौथ्या पिढीशी अडतो. आजोबा ठाऊक असतात, पणजोबांचे नाव कोणीतरी सांगतो, खापरपणजोबांपाशी धुके सुरू होते. त्यातच आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल. तीच दोन नावे आलटून पालटून येत राहतात आणि सांगणाऱ्याच्या तोंडी दोन माणसे मिळून एक होऊन जातात.

४/
आडनावाचा आधार वाटतो तितका पक्का नाही. जुन्या कागदांत सामान्य रयतेचा उल्लेख 'अमुक बिन तमुक' एवढाच असतो. पाटील, कुळकर्णी, चौगुला ही मुळात कामाची आणि वतनाची नावे. '-कर' लावलेले आडनाव तर गाव सोडल्याची खूण. गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? ते नाव मिळते दुसऱ्या गावी वस्ती केल्यावर. म्हणून अशा आडनावातून कळते ते शेवटचे सोडलेले गाव; मूळ गाव त्याच्याही मागे असू शकते.

५/
कागदांची पहिली पायरी तलाठ्याच्या दफ्तरात आहे. सातबारा आणि त्यामागचे फेरफार. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. तेव्हापासून बाप वारल्यावर वारसांची नावे क्रमाने चढू लागली. 'गाव नमुना १४', म्हणजेच कोतवाल बुक, हे जन्म-मृत्यूचे रजिस्टर. जुन्या शाळेचे जनरल रजिस्टरही विसरू नये. त्याही मागे जायचे तर ब्रिटिशांची जमीन मोजणी आहे, जिची नवी पद्धत १८३६ साली इंदापूर तालुक्यात लागू झाली.

६/
यातले पुष्कळसे मोडीत आहे. मराठवाड्याचा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तिकडे मोडीच्या जोडीला उर्दू आणि फारसी कागद येतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा ही रजिस्टरे तालुक्या-तालुक्यांत उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पणतूच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न ठरवतो, हे एका पिढीने प्रत्यक्ष पाहिले.

७/
तारखांचा गुंता निराळाच. शकात ७८, फसली सनात सुमारे ५९० आणि सुहूर सनात सुमारे ५९९ मिळवले की इसवी सन येतो. वर्षाचा आरंभ वेगवेगळ्या महिन्यांत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो. घाईने बेरीज करून पणजोबांना त्यांच्या वडिलांच्या आधी जन्माला घालणारे वंशवृक्ष कमी नाहीत.

८/
वतनदार घराण्यांचे कागद अधिक मागे जातात. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपापला 'करीना' सादर करीत, म्हणजे घराण्याची हकीकत; गोतसभेचा निवाडा 'महजर' म्हणून लिहिला जाई. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर अशा कागदांनी भरलेले आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेले ४५ खंड प्रसिद्ध झाले, तरी रुमालांत बांधलेला साठा त्याहून कितीतरी मोठा. मात्र करीना हा तंट्यातला कागद आहे. स्वतःचे घराणे जुने आणि भाऊबंद लबाड, असे सांगणे हाच त्याचा हेतू. घरात जपलेल्या झोकदार वंशावळीलाही हीच कसोटी लावावी. सुरुवात थेट एखाद्या राजवंशापासून होत असेल आणि मधल्या दोन-तीनशे वर्षांचा पत्ता नसेल, तर ती लिहून घेणाऱ्याच्या हौसेबद्दल अधिक सांगते.

९/
कागद नसलेल्या कुणब्या-धनगरांच्या घरांसाठी दोन ठिकाणे उरतात. पहिले तीर्थक्षेत्र. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाच्या किंवा आडनावाच्या क्रमाने यजमानांची नावे असतात. कोण, कोणाचा मुलगा, सोबत कोण आले, कोणाच्या अस्थी आणल्या. खाली सही नाहीतर अंगठा. दुःखाच्या दिवशी लिहिलेल्या या नोंदींत बढाईला जागा कमी असते, म्हणून त्या मोलाच्या.

१०/
दुसरे ठिकाण स्वतःच चालत दारी येते. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी नावाचा समाज पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या वंशावळी सांभाळत आला. कन्नडमध्ये 'हेळु' म्हणजे सांगणे आणि 'हेळव' म्हणजे पांगळा; समाजाच्या नावाची व्युत्पत्ती दोन्हींकडून सांगतात. बैलावर बसून हेळवी सुगीनंतर गावात येई, ठरलेल्या घरांपुढे उभा राहून त्या कुळाचे मूळ गाव, कुलदैवत आणि पूर्वजांची नावे खड्या आवाजात म्हणे, मागच्या फेरीनंतर जन्मलेल्या मुलांची नावे लिहून घेई. ताडपत्र, ताम्रपट आणि मग कागदी वही असा त्याच्या दफ्तराचा प्रवास.

११/
हेळव्याला बिदागी मिळे ती बहुतेक धान्याची. ज्वारीची सुपे, कधी कपडा, चांगल्या वर्षी जनावर. दुष्काळी वर्षी खळे रिकामे असेल तर देणार काय? पूर्वजांची नावे आणि कणगीतले दाणे यांचा संबंध इतका रोकडा होता.

१२/
आता पुन्हा चुलीकडे. कुळाचार ही घराण्याची न लिहिलेली वही आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीच्या दिवशी, खंडोबाला वांग्याचे भरीत, रोडगा, पातीचा कांदा यांचा नैवेद्य दाखवून तळी भरणारी घरे महाराष्ट्रभर आहेत. काही घरांत त्याबरोबर ठोंबरा असतो, म्हणजे शिजवलेल्या जोंधळ्यात दही आणि मीठ. गव्हाच्या आधीचे, ज्वारी हेच अन्न असलेले घर त्या ठोंबऱ्यात दिसते. पुण्या-मुंबईत तीन पिढ्या काढलेले एखादे कुटुंब मार्गशीर्ष अमावास्येला 'येळवस' म्हणत आंबिल, भज्जी आणि उंडे करीत असेल, तर त्याची मुळे लातूर, धाराशिव, सोलापूर या कन्नड सीमेजवळच्या पट्ट्यात शोधावीत. तिथे त्या दिवशी अख्खी गावे रानात जेवायला जातात आणि कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात.

१३/
ऋषिपंचमीची भाजी याहून विलक्षण. बैलाच्या श्रमाचे काही त्या दिवशी खायचे नाही, असा नेम. परसातले कंद, अळू, भोपळा, आपोआप उगवलेले देवभाताचे तांदूळ. नांगराशिवाय अन्न मिळवण्याची ही आठवण किती जुनी, हा अभ्यासकांच्या वादाचा विषय आहे. मात्र ती जपली बायकांनी, हे निर्विवाद.

१४/
इथे एक सावधगिरी. कुळाचार हा पुरावा नव्हे, सुगावा आहे. सून दुसऱ्या गावाहून येते आणि माहेरची रीत सोबत आणते. शेजारच्या घराचा नैवेद्य आवडला म्हणून उचलला जातो. नवस फेडताना नवे दैवत घरात येते. राळ्याचा भात वडिलांच्या गावाचा आहे की पणजीच्या माहेरचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि विचारले की नेमके तेच कळते, जे वंशावळीत नसते.

१५/
कारण वंशावळ पुरुषांची. बाप, मुलगा, नातू. बाई आलीच तर 'अमुकची बायको' म्हणून. लग्नानंतर तिचे नावही बदललेले. तिचा आवाज उरला तो जात्यावर. पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्यांत माहेरचे गाव, भावाचे नाव, वाटेतली नदी, सासरचे जाच असे सारे येते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसह एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' या संकेतस्थळावर आहेत. पिठाची गिरणी गावात आली, बायकांच्या हातांना विसावा मिळाला, आणि हा दस्तऐवज पुढे लिहिला जाणे थांबले. विसाव्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार अर्थातच दळणाऱ्या बाईखेरीज कोणालाही नाही.

१६/
साठवणीचे शब्दही पत्ता सांगतात. ज्याच्या घरी पेव होते ते देशावरचे, बऱ्या ज्वारीचे घर. जमिनीत खोल खणलेला, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठे असा हा खड्डा. त्यात ज्वारी वर्षानुवर्षे राही. पेव उघडले की लगेच आत उतरत नसत, कोंडलेल्या वायूने माणूस दगावे. आधी दिवा सोडून पाहत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५च्या महापुराने त्यांचे मोठे नुकसान केले. 'बातम्यांचे पेव फुटले' असे लिहिणाऱ्या किती जणांनी पेव पाहिले असेल, कोण जाणे. कोकणातल्या घरात याच जागी भाताची कणगी भेटते.

१७/
मापांचेही तसेच. आजी सांगते, 'चिपटंभर डाळ, मापटंभर तांदूळ, मूठभर दाणे.' दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही सारी आकारमानाची मापे; वजनात उतरवताना ज्वारीचे चिपटे आणि पोह्यांचे चिपटे एक होत नाही. वर दर भागाची पायली थोडी निराळी. घरात जुने पितळी किंवा लाकडी माप असेल तर त्यात पाणी भरून ते मोजावे. आजीच्या कृती मग पुन्हा जमतात. माप मोडीत गेले असेल तर तिचा हात हेच माप, आणि तो असेपर्यंतच.

१८/
दुष्काळ हा वंशवृक्षातला कोयत्याचा घाव. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या सालांच्या आसपास वहीतली नोंद एकाएकी तुटली, किंवा दुसऱ्या गावी पुन्हा सुरू झाली, तर कारण वेगळे शोधावे लागत नाही. १९७२चा दुष्काळ अजून जिभेवर आहे. परदेशी तांबड्या मिलोची भाकरी आणि खडी फोडण्याच्या कामावर मिळालेली सुकडी ही दोन नावे काढली की सत्तरी ओलांडलेली माणसे बोलती होतात. कोणत्या कामावर, कोणत्या गावी, सोबत कोण होते. वंशावळीच्या प्रश्नांनी जे सांगितले गेले नसते, ते सुकडीच्या निमित्ताने निघते.

१९/
'जुने सकस अन्न' म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी एक पुस्तक अवश्य वाचावे: शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५). मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती त्यात आहे. मिठात वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, आणि कोणाच्या वाट्याला काय आले याचा हिशोब आहे. ज्याला जमीन नाही त्याच्या नावे फेरफार नाही. महार वतनाचे कागद आहेत. ते वतन १९५८च्या कायद्याने संपले. पण त्या कागदांत हक्कापेक्षा राबणूकच अधिक लिहिलेली आहे. अशा घरांसाठी चूल हीच पुष्कळदा सर्वांत जुनी नोंद.

२०/
आणि एक उदाहरण समुद्रापलीकडचे. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची आडनावे किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांची. धंदा तेल गाळण्याचा, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथेही शुभप्रसंगी 'मलिदा' होतो: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वर फळे. प्रार्थना एलियाहू हन्नावीची, ताट रायगड जिल्ह्याचे.

२१/
भाद्रपदाच्या वद्य पक्षात गावोगावी म्हाळ घालतात. पानावर भात, वडे, खीर, गवार, कारले, अळूचे फदफदे. श्राद्धविधी होतो त्या घरांत बाप, आजा, पणजा आणि आई, आजी, पणजी अशी तीन पिढ्यांची नावे उच्चारली जातात. बायकांची नावे घराण्याच्या नोंदीत क्रमाने येतात, ती इथे. नावे तीनच पिढ्यांची. घरातले नवे माणूस गेले की यादी एका पायरीने सरकते आणि खापरपणजोबा पानावरून उठतात. त्या वर्षी नावे सांगणाऱ्याकडे वही-पेन घेऊन बसावे, आणि स्वयंपाक करणारीकडेही.